खरूज, करंजेल आणि जीवदया

आषाढ शुद्ध चतुर्दशीस चातुर्मास बसतो आणि साधु-साध्वी एका गावी स्थिर होतात. रायगडच्या किनाऱ्यावर त्याच सुमारास आणखी एक स्थिरवास सुरू झालेला असतो. अलिबाग, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यात पावसाळाभर आभाळ क्वचितच उघडते. जिल्ह्याचे वार्षिक पर्जन्यमान सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या घरात आहे. भाताची लावणी झाली की चरायला मोकळे रान फारसे उरत नाही, माळावर चिखल माजतो, आणि गाई, म्हशी, वासरे, शेळ्या अंगाला अंग लावून गोठ्यात उभ्या राहतात. ओली जमीन, कोंदट हवा आणि उन्हाचे नाव नाही. पुढे दसऱ्याच्या आगेमागे जनावरे बाहेर पडू लागतात, तेव्हा धन्याच्या ध्यानात येते की रेडकाच्या मानेवरचे केस झडले आहेत, कानामागे राखाडी खपली धरली आहे आणि ते दिवसभर खुंट्याला अंग घासत उभे आहे.

याला कोणी खरूज म्हणते, कोणी लूत. रोग जुना आहे आणि दिसायला क्षुल्लक वाटतो. गोठ्यातल्या कामाच्या रगाड्यात त्याच्याकडे दुर्लक्षही होते. परंतु मुक्या जीवाच्या बाजूने पाहिले तर खाजेसारखे दुःख नाही. ज्या जनावराला हात नाहीत त्याने खाजवायचे कशाने? ते भिंतीला घासते, खुरांनी ओरबाडते, दातांनी कुरतडते; कातडी सोलवटते, त्यावर माश्या बसतात, जखम चिघळते. खाण्यावरचे लक्ष उडते, रात्रीची रवंथ थांबते, दूध उतरते. अशक्त वासरू असेल तर दोन महिन्यांत हाडांचा सापळा होतो आणि मग सर्दीपडशाचे निमित्त होऊन जाते. मृत्यूचे कारण म्हणून खरजेचे नाव कोणी घेत नाही इतकेच.

रोगाचे मूळ

खरूज कशाने होते हे माणसाला फार उशिरा कळले. रक्त बिघडल्याने ती होते, अशीच समजूत अनेक शतके पूर्वेकडे आणि पश्चिमेकडेही होती. १६८७ साली इटलीतील लिव्होर्नो येथे बोनोमो आणि चेस्तोनी या दोघा निरीक्षकांनी सूक्ष्मदर्शकाखाली खरजेचा किडा पाहिला आणि त्याचे चित्र काढून प्रसिद्ध केले. गरीब बायका आपल्या मुलांच्या कातडीतून सुईच्या टोकाने काहीतरी वेचून काढतात, हे त्यांनी ऐकले-पाहिले होते. शोधाची सुरुवात तेथून झाली. एखाद्या रोगाचे नेमके कारण एका सूक्ष्म जीवाशी जोडले गेल्याचे हे इतिहासातील अगदी आरंभीचे उदाहरण मानले जाते. तरीही वैद्यकाने ते पूर्णपणे स्वीकारायला आणखी दीडशे वर्षे घेतली.

हा किडा कोळ्याच्या जातीचा, आठ पायांचा. मादी जेमतेम अर्धा मिलिमीटर लांब. म्हणजे नुसत्या डोळ्यांना पांढरा ठिपका दिसला तर दिसला. ती कातडीच्या वरच्या थरात बोगदा खणत पुढे सरकते आणि मागे रोज दोन-तीन अंडी टाकत जाते. अंडी तीन-चार दिवसांत फुटतात आणि साधारण दोन आठवड्यांत नवी पिढी तयार होते. हा हिशेब नीट लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण उपचार फसण्याचे बहुतेक कारण त्यातच दडलेले असते. एकदा औषध चोळले, खाज थांबली, म्हणून धन्याने सोडून दिले. अंड्यांतून पुढची पिढी निघाली आणि महिन्याभरात रोग पुन्हा दिसू लागला. मग दोष औषधाला दिला जातो.

कातडीत बोगदे करणाऱ्या या किड्याला शास्त्रीय भाषेत सार्कोप्टिस म्हणतात. त्याचे भाईबंद आणखी आहेत: सोरोप्टिस कातडीवर राहतो आणि शेळ्यांच्या कानांत घर करतो, तर कोरिओप्टिस गाईच्या पायांवर व शेपटीच्या मुळाशी आढळतो. डेमोडेक्स नावाचा चौथा केसांच्या मुळात शिरून गाठी करतो, आणि तेथवर वरून लावलेले तेल पोहोचतच नाही. म्हणून कोणत्याही लेपाआधी निदान हवे. पशुवैद्य जखमेच्या कडेची कातडी रक्ताचा किंचित ओलावा दिसेपर्यंत खरवडतात, तो चुरा क्षारात भिजवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. काम अवघ्या अर्ध्या तासाचे आहे आणि त्यावाचून महिने वाया जातात. गोल, पांढुरकी, कोरडी चकती असेल तर ते बहुधा गजकर्ण, म्हणजे बुरशीचा रोग. अंगभर टणक गाठी व ताप असेल तर २०२२ साली महाराष्ट्रात पसरलेला लम्पी हा विषाणूजन्य रोग असू शकतो, आणि त्यावर करंजेल चोळत बसणे म्हणजे मौल्यवान वेळ घालवणे होय.

किनाऱ्याची औषधपेढी

कोकणी घरातील तेलांची नावे एका पठडीतली आहेत: खोबरेल, एरंडेल, करंजेल, उंडेल. पहिली दोन सर्वांच्या परिचयाची. उरलेली दोन आज शहरातील पिढीने ऐकलेलीही नसतील, पण पेण, रोहे, अलिबागच्या बाजारपेठांतील जुन्या किराणा व काष्ठौषधींच्या दुकानांत त्यांचे डबे एके काळी असतच, आणि काही ठिकाणी अजून आहेत.

करंज हा खाडीकाठचा वृक्ष. खारे पाणी, रेताड जमीन आणि वारा हे तिन्ही सोसून तो हिरवागार उभा राहतो. उरणजवळच्या करंजा गावाचे नाव उच्चारताच हे झाड डोळ्यांपुढे येते. फिकट जांभळ्या-पांढऱ्या फुलांचा सडा वैशाखाच्या सुमारास पडतो. चपट्या, लाकडासारख्या टणक शेंगा मात्र पुढल्या वर्षी माघापासून चैत्रापर्यंत गळतात. एका शेंगेत एक, फार तर दोन बिया. बीच्या वजनाच्या साधारण २७ ते ३९ टक्के तेल तिच्यात असते. हे तेल तांबूस-पिवळे, चवीला अत्यंत कडू आणि वासाला उग्र, खाण्याला निरुपयोगी. पूर्वी ते दिव्यात जळे, गाड्यांच्या आसांना लागे, आणि माणसाच्या व जनावराच्या कातडीच्या रोगांवर चोळले जाई. त्यातील करंजिन व पोंगामोल ही द्रव्ये किड्यांना मारक ठरतात, असे प्रयोगशाळांत दिसून आले आहे. पेंडही इतकी कडू की गुरांना चालत नाही. ती खत म्हणून बागांना घालतात आणि वाळवीही तिच्यापासून दूर राहते.

उंडी, संस्कृतात पुन्नाग, ही समुद्राच्या अगदी कडेची सावली. हिच्या गोल फळातील मगजात निम्म्याहून अधिक तेल निघते. दाट, हिरवट, गडद वासाचे हे तेल नावेच्या लाकडाला लावीत, देवळात जाळीत, आणि जखमेवर, खरजेवर घालीत. प्रशांत महासागरातील बेटांवर हेच झाड तमानू या नावाने ओळखले जाते आणि तेथेही त्याचे तेल कातडीच्या जखमांसाठीच वापरतात. हजारो मैलांचे अंतर असलेल्या दोन किनाऱ्यांवरील लोकांनी एकमेकांस न विचारता एकच उपयोग शोधावा, ही गोष्ट परंपरेच्या बाजूची साक्ष म्हणून थोडी तरी गणली पाहिजे.

सह्याद्रीच्या उतारावर, दाट जंगलात, कडू कवठ नावाचे आणखी एक झाड आढळते. त्याचे तेल चालमोगऱ्याच्या जातीचे. १९४०च्या दशकात सल्फोन औषधे येईपर्यंत कुष्ठरोगावर जगभर याच प्रकारची तेले वापरीत. किनाऱ्यावर ते कमी मिळते, आणि त्याची फळे विषारी असल्याने माहीतगाराखेरीज कोणी त्याच्या वाटेला जाऊ नये हेच बरे. कडुनिंबाचे मात्र उलट आहे: देशावर घरोघरी असलेले हे झाड कोकणच्या अतिवृष्टीत तितकेसे रमत नाही, त्यामुळे रायगडात लिंबोणीचे तेल बहुधा घाटावरून येते. जवळ करंज असता दुरून निंबेल आणण्याचा हव्यास कशाला, असा प्रश्न एखाद्या जुन्या कोकणी शेतकऱ्याने विचारला तर त्याला उत्तर देणे कठीण आहे.

उपचाराची रीत

करंजेल आणि गंधक ही जोडी महाराष्ट्रात दीर्घ काळ चालत आलेली आहे. गंधक ही वनस्पती नव्हे, खनिज होय. तथापि लेप मात्र जोडीनेच चालतो. दहा भाग तेलात एक भाग बारीक वाटलेला शुद्ध गंधक, हे प्रमाण आधुनिक गंधक-मलमांशीही मिळतेजुळते आहे.

तेल कोणते यापेक्षा ते लावण्याआधी काय केले याला अधिक महत्त्व आहे. जाड खपली तशीच ठेवून वरून तेल ओतले तर ते खपलीवरूनच ओघळते. किडा खाली सुरक्षित राहतो. म्हणून प्रथम रोगट भागाच्या सभोवार चार बोटे रुंदीपर्यंत केस कातरावेत. ते केस व खपल्या गोठ्यात पडू देऊ नयेत. कागदावर गोळा करून गोठ्यापासून दूर खोल पुराव्यात. मग कोमट पाण्याने व साध्या साबणाने भाग भिजवून खपली मऊ करावी आणि नारळाच्या काथ्याने हलक्या हाताने सोडवावी. रक्त काढण्याइतका जोर नको. भाग पूर्ण वाळला की लेप चोळावा. रोग अंगभर असेल तर एका दिवशी अंगाच्या एक-तृतीयांश भागापेक्षा अधिक जागी तेल लावू नये, कारण तेलाने कातडीचा श्वास कोंडतो आणि म्हशीसारखे काळे जनावर उष्णतेने बेजार होते. वेळ सकाळची, आणि तेल लावल्यावर दुपारी सावली. डोळे, तोंड व आचळ वाचवावेत. जनावर चाटत असेल तर तेवढा वेळ तोंडाला मुसके बांधावे. दर तीन-चार दिवसांनी लेप, आणि खाज थांबल्यानंतरही निदान दोन आठवडे तो चालू. अंड्यांचा वर सांगितलेला हिशेब येथे कामी येतो.

गोठा विसरला तर सगळेच फुकट. किडा जनावराच्या अंगाबाहेर काही दिवस जगतो, दमट व गार जागी त्याहून अधिक. खुंटा, दावे, झूल, खरारा, सगळे कढत पाण्याने धुऊन उन्हात घालावे. भिंतीला ताजा चुना द्यावा. आजारी जनावर वेगळे बांधावे आणि त्याची सेवा करणाऱ्याने इतरांना हात लावण्याआधी हातपाय धुवावेत. जनावराची खरूज माणसालाही तात्पुरती खाज आणते, तेव्हा यात स्वार्थही आहे.

आणंद येथील राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने पारंपरिक पशुउपचारांच्या काही कृती दूध उत्पादकांत प्रसृत केल्या आहेत. गोचीड व इतर बाह्य परजीवींवरील त्यांची कृती अशी: लसणीच्या १० पाकळ्या, कडुनिंबाचा पाला आणि लिंबोळ्या मूठ-मूठ, वेखंड १० ग्रॅम, हळद २० ग्रॅम, घाणेरीचा पाला आणि तुळशीचा पाला मूठ-मूठ, हे सारे वाटून एक लिटर स्वच्छ पाण्यात मिसळावे, गाळावे आणि जनावराच्या अंगावर व गोठ्याच्या भेगांत फवारावे, आठवड्यातून एकदा, बरे वाटेपर्यंत, ऊन असताना. यातील घाणेरी पोटात गेली तर गुरांचे यकृत बिघडते, म्हणून चोथा जनावराच्या तोंडाशी येणार नाही याची काळजी हवी. लसणीचा प्रश्न जैन वाचकाच्या मनात येणारच. अनंतकाय वर्ज्य मानणाऱ्या कुटुंबाला तिचा बाह्य उपयोगही रुचत नसेल, तर लसूण वगळून हीच कृती तितकीच लागू पडेल असे गृहीत धरू नये. त्यापेक्षा करंजेल-गंधकाचा स्वतंत्र मार्ग धरावा.

काही उपाय मात्र कठोरपणे टाळायला हवेत, आणि खेदाची गोष्ट अशी की आज गावोगाव तेच सर्वांत सोपे म्हणून केले जातात. गाडीचे जळलेले काळे ऑइल, रॉकेल, बिब्ब्याचे तेल, काजूच्या टरफलाचे तेल, तंबाखूचा दाट काढा. काळ्या ऑइलने किडे मरतात हे खरे; जनावराच्या कातडीची आग होते, ते चाटले की विष पोटात जाते, हेही तितकेच खरे. बिब्बा आणि काजूतेल तर कातडी जाळतात. किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणाऱ्या घोड्यांबाबत एक विशेष सावधानता: गुरांच्या खरजेवर मिळणारे अमिट्राझ हे औषध घोड्याला लावू नये, त्याची आतडी थंडावतात आणि पोटशूळ होतो. जे बैलाला चालते ते घोड्याला चालेलच असे नाही.

शास्त्राची कसोटी

वनौषधी म्हटली की दोन टोकांची मते ऐकू येतात. एक म्हणतो, पूर्वजांनी सांगितले म्हणजे रामबाण. दुसरा म्हणतो, सगळा अडाणीपणा. दोघांनाही पुरावा तपासण्याचा कंटाळा असतो. कडुनिंबाचा पाला व हळद यांच्या लेपाने ८१४ खरूजग्रस्त माणसांवर केलेल्या भारतीय अभ्यासात ९७ टक्के रुग्ण तीन ते पंधरा दिवसांत बरे झाले, असा अहवाल १९९२ साली प्रसिद्ध झाला. चीनमधील संशोधकांनी सशांच्या खरजेच्या किड्यांवर निंबतेलाची परीक्षा घेतली आणि ते मारक असल्याचे नोंदवले. परंतु परीक्षानळीत किडा मरणे आणि भर श्रावणात कोंदट गोठ्यात रेडकू बरे होणे यांत अंतर आहे, आणि मोठ्या जनावरांवरचे, दुसऱ्या गटाशी तुलना करून केलेले प्रयोग अजून थोडे आहेत. पुण्यातील अंतरा या संस्थेने, जी नित्या घोटगे व सागरी रामदास या महिला पशुवैद्यांनी उभी केली, महाराष्ट्र व आंध्र प्रदेशातील पशुपालकांकडून अशा ज्ञानाची पद्धतशीर नोंद केली. हे काम विशेष मोलाचे, कारण गोठ्यातले औषध बहुतांशी बायकांच्या हाती असते आणि त्यांना विचारायला पूर्वी कोणी गेलेच नव्हते.

दुसऱ्या बाजूस आयव्हरमेक्टिन आहे. जपानमधील सातोशी ओमुरा यांनी मातीच्या नमुन्यातून मिळवलेल्या जंतूपासून आणि विल्यम कॅम्पबेल यांच्या संशोधनातून हे औषध सिद्ध झाले. १९८१ पासून ते पशुवैद्यकात आले आणि २०१५ साली दोघांस नोबेल पारितोषिक मिळाले. कातडीखाली एक सुई, दोन आठवड्यांनी दुसरी, आणि अंगभर पसरलेली खरूजही आटोक्यात येते. अंगभर रोग, खोल जखमा, खंगलेले जनावर अशा वेळी पशुवैद्य ते सुचवतात तेव्हा हट्टाने तेलाची बाटली धरून बसणे ही दया नव्हे. तथापि ते दुधात उतरते, म्हणून दुभत्या जनावराबाबत पशुवैद्याच्या सांगण्यावाचून ते वापरता येत नाही. ते शेणातूनही बाहेर पडते आणि त्या शेणावर जगणारे शेणकिडे, त्यांच्या अळ्या पुढे काही आठवडे मरतात, हे अनेक देशांत नोंदले गेले आहे.

औषधाचा प्रवास जनावराच्या अंगाशी संपत नाही याचा याहून भीषण दाखला रायगडानेच पाहिला. गुरांना दुखण्यावर दिले जाणारे डायक्लोफिनॅक मेलेल्या गुराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले आणि भारतातील गिधाडांच्या प्रमुख जाती नव्वद टक्क्यांहून अधिक नाहीशा झाल्या. २००६ साली पशुवैद्यकात त्यावर बंदी आली. म्हसळा तालुक्यातील चिरगावच्या झाडांवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची वस्ती तगवण्यासाठी स्थानिकांनी वर्षानुवर्षे कष्ट घेतले आहेत. गाईला दिलेल्या दयेच्या सुईने आकाशातला एक जीव मारावा, हा हिशेब कोणाच्याही वहीत आधी मांडलेला नव्हता.

किड्याचा जीव

आता तो प्रश्न, जो श्रावकाच्या घरात विचारला जातो आणि इतरत्र हसण्यावारी नेला जातो. खरजेचा किडाही जीवच आहे. जीवविचार प्रकरणात ऊ, ढेकूण, गाईगुरांच्या अंगावरील कीटक यांची गणना तीन इंद्रियांच्या जीवांत केली आहे: स्पर्श, रस, गंध. खरजेचा किडा त्या यादीत नावाने नाही. पण त्याला डोळे नसतात, तो स्पर्शाने व गंधाने वाट काढतो, हे सूक्ष्मदर्शकाने सांगितलेले वर्णन वाचून जुन्या वर्गवारीची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

मग उपचार हिंसा नव्हे काय? येथे अनेकांची एक गोड समजूत असते की वनौषधीने किडा मरत नाही, तो ‘निघून जातो’. हे खरे नाही. या किड्याला फुप्फुसे नाहीत, तो अंगाच्या त्वचेनेच श्वास घेतो. तेलाचा थर त्याला गुदमरवतो आणि करंजाची कडू द्रव्ये त्याला मारतात. करंजेल आणि सुई यांत फरक आहे, पण एक अहिंसक व दुसरी हिंसक असा तो नाही. श्रावकाच्या अणुव्रतात त्याग आहे तो निरपराधी त्रस जीवाच्या संकल्पपूर्वक हिंसेचा. साधूंच्या वीस वसा दयेपुढे गृहस्थाची सव्वा वसाच, असे परंपरा स्वतःच प्रांजळपणे सांगते. उपचार करणाऱ्याचा संकल्प पंचेंद्रिय तिर्यंचाची वेदना शमवण्याचा असतो, किडा मारण्याचा नव्हे, असे बहुतेक पांजरपोळांचे विश्वस्त मानत आले आणि तसेच वागत आले. तरीही ज्यांचे मन एवढ्याने समाधान पावत नाही त्यांच्यासाठी खरा मार्ग औषधाच्या बाटलीत नाही, जयणेत आहे. कोरडा, उजेडाचा गोठा, पोटभर चारा, नव्या जनावराला आधी वेगळे ठेवणे, आठवड्याला एकदा खराऱ्याने अंग साफ करणे: जेथे किडा वाढलाच नाही तेथे त्याला मारण्याची वेळही येत नाही.

औषध आणि अहिंसा यांचा मेळ घालण्याचा यत्न जैन परंपरेला नवा नाही. राष्ट्रकूट नृपती अमोघवर्षाच्या काळी, नवव्या शतकात, उग्रादित्याचार्यांनी मद्य, मांस व मध वर्ज्य ठेवून ‘कल्याणकारक’ हा वैद्यकग्रंथ रचला. तो १९४० साली सोलापूरच्या सखाराम नेमचंद ग्रंथमालेने छापला, ही महाराष्ट्राच्या अभिमानाची गोष्ट. गिरनारच्या पायथ्याशी, जेथून यात्रेकरू नेमिनाथांच्या दर्शनास चढतात, तेथील शिळेवर सम्राट अशोकाने माणसांसाठी व पशूंसाठी चिकित्सेची सोय केल्याचे आणि औषधी वनस्पती लावल्याचे कोरलेले आहे. यात्रेच्या घाईत ती शिळा पाहायला फार थोडे थांबतात.

पांजरपोळांतील अडचण

मुंबईत १८३२ साली रस्त्यावरील कुत्र्यांच्या सरकारी कत्तलीविरुद्ध पारशी, जैन व हिंदू मंडळी रस्त्यावर आली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जिजीभाई आणि भायखळ्याचे आदिनाथ मंदिर बांधणारे मोतीशा शेठ यांच्या पुढाकाराने भुलेश्वरात मुंबई पांजरपोळ उभी राहिली. तेव्हापासून व्यापारी जैन कुटुंबांचा पर्युषणातील जीवदयेच्या टिपेशी अतूट संबंध आहे. आणि कोकणातील पेठांत दुकाने असलेल्या घराण्यांनीही यात हात आखडता घेतलेला नाही.

परंतु पांजरपोळेचे स्वरूपच खरजेला अनुकूल असते, हे स्पष्ट बोलले पाहिजे. तेथे जनावर येते ते म्हातारे, टाकलेले किंवा कत्तलखान्याच्या वाटेवरून सोडवलेले. उपाशी, घाबरलेले, वेगवेगळ्या गावांच्या गुरांशी ट्रकमध्ये घासत आलेले. अशा जनावराची कातडी रोगाला सहज बळी पडते. त्याला त्याच संध्याकाळी कळपात सोडले तर एकाची खरूज चाळीसांची होते. दान देणारा बहुधा चाऱ्यासाठी देतो, शेडसाठी देतो, कारण शेडवर नावाची पाटी लागते. वीस जनावरे वेगळी बांधता येतील अशी स्वतंत्र, ऊन येणारी पडवी, एक सूक्ष्मदर्शक, आणि महिन्यातून दोनदा येणाऱ्या पशुवैद्याचे मानधन, या तीन गोष्टींवर पाटी लावायला जागा नसते. आलेले जनावर निदान तीन आठवडे वेगळे राहिले आणि त्या मुदतीत त्याच्या कातडीची तपासणी झाली, तर तेलाचा खर्चही निम्म्याने वाचेल असे कोणत्याही अनुभवी व्यवस्थापकाकडून ऐकायला मिळते.

व्यापारी कुटुंबांच्या हाती आणखी एक गोष्ट आहे, ती त्यांच्याच पेढीची. करंजेल म्हणून जे विकले जाते त्यात स्वस्त खनिज तेलाची भेसळ होते. रंग व कडवटपणा थोडक्यात साधता येतो. शुद्ध तेल एका मोसमाच्या बियांचे, स्वच्छ डब्यात, अंधारात ठेवलेले असावे. पूर्वी गावच्या घाण्यावर बी डोळ्यांदेखत गाळली जाई. आता घाणे विजेवर चालतात आणि करंजाच्या बीसाठी घाणा चालवायला फारसा कोणी तयार नसतो, कारण पुढच्या खाद्यतेलाला तिचा कडवटपणा लागतो. कोणी व्यापाऱ्याने आगाऊ मागणी नोंदवली तरच घाणेवाला वर्षाच्या अखेरीस, यंत्र धुवायच्या आधी, दोन दिवस करंजाला देतो.

बी गोळा करणारे हात मात्र आहेत. खाडीच्या बांधावर आणि रस्त्याकडेला माघ-फाल्गुनात शेंगांचा खच पडलेला असतो; कातकरी बायका त्या वेचतात, मोगरीने फोडतात आणि बी पायलीने देतात. भाव न मिळाल्यास शेंगा तशाच पहिल्या पावसात कुजतात. चैत्रात घेतलेली बी वैशाखात वाळते, ज्येष्ठाच्या आरंभी तिचे तेल निघते, आणि चतुर्दशीला चातुर्मास बसण्यापूर्वी ते डब्यांतून गोठ्यांपर्यंत पोहोचू शकते.